काशक्काशी रोज एक भांडण

माढ्याहून फोन आला तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजले होते. मी कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेच्या अर्जांचे गठ्ठे बांधत होते, हातात सुतळी होती. पलीकडून एक बाई फार हळू, फार नम्र आवाजात म्हणाली, "तुमच्या काशक्का गेल्या हो. जेवायला बसल्या, छातीत कळ आली, आणि भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. डॉक्टर येऊन बघून गेले." मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याची बातमी ऐकून कोणी "बरं" म्हणतं का? मी म्हणाले. आता दीड महिन्यानं लिहायला बसले आहे तर हेही कबूल करून टाकते, की मला त्या क्षणी रडू आलं नाही. डोक्यात एकच प्रश्न धडका देत होता… आता त्या घरात अंबिकेजवळ कोण आहे?

अंबिका म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या टेलरची मुलगी. वय तेवीस, माढ्याला दिलेली. नवरा मारतो म्हणून दोनदा माहेरी आली आणि दोन्ही वेळा मोठ्या माणसांनी समजूत घालून परत पाठवली. तिसऱ्यांदा येऊन परत निघाली तेव्हा काशक्का तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून गेली होती. पाठराखीण कोण, हे आजकालच्या मुलींना समजावून सांगावं लागतं. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिला परकं वाटू नये म्हणून माहेरची एक बाई चार-आठ दिवस सोबत राहते, ती पाठराखीण. हा मान फक्त नव्या नवरीचा. काशक्कानं ही रीत आपल्याला हवी तशी वाकवून घेतली होती. मार खाऊन आलेली मुलगी परत जायला निघाली, की ही आपली पिशवी भरायची आणि तिच्याबरोबर एसटीत बसायची. कोणी बोलावलेलं नसायचं, कोणाला विचारलेलं नसायचं. सासरच्या दारात उभी राहून सांगायची, "मी पाठराखीण हाय. आठ दिवस ऱ्हानार." आणि राहायची की! दारात आलेल्या पाठराखिणीला हाकलायचं कसं, हे कुठल्याच सासूला माहीत नसायचं.

काशक्का माझी रक्ताची कोणी नव्हे. सोलापुरात आमच्या गल्लीत तिची कडक भाकरीची खोली. तीन चुली, सहा-सात बाया, दिवसभर थापण्याचा आवाज आणि कोपऱ्यात शेंगाचटणी कुटायचं उखळ. घरी कानडी बोलायची, गल्लीत मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. उंची बेताची, कपाळाला विभूती, आवाज मात्र असा की चौकातल्या पानवाल्याला तिची खोलीतली कुजबुज कळायची. नवरा बसप्पाकाका मागावर कामाला होते. इतका मऊ स्वभावाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तहान लागली तर स्वतः उठून पाणी घेणार आणि येताना तिच्यासाठीही तांब्या भरून आणणार. हे मी मुद्दाम सांगते आहे. लोकांना वाटतं, जी बाई दुसरीच्या मारासाठी एवढी धावते तिनं स्वतः मार खाल्लेला असणार. काशक्कानं आयुष्यात नवऱ्याची एक चापट खाल्ली नव्हती. आणि माझ्या बाबतीत तिची जी मोठी चूक झाली, ती त्यामुळेच झाली.

मला मंगळवेढ्याला दिली होती. वर्षाच्या आत मी माहेरी आले, डाव्या कानानं ऐकू येईना म्हणून. डॉक्टरांना मीच सांगितलं, पाय घसरून पडले. घरात पंधरा दिवस बैठका झाल्या. मामा आले, काका आले, माझ्या नवऱ्याचं दुकान किती जोरात चालतं ते एकमेकांना सांगून चहा पिऊन गेले. शेवटी ठरलं, हिला नांदायला पाठवायचं. 'बाईच्या जातीला थोडं सोसावं लागतं' हे वाक्य तेव्हा मी इतक्या तोंडांतून ऐकलं, की आजही कोणी ते उच्चारलं तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लेक सासरी निघाली की आमच्याकडे बुत्ती बांधतात. बुत्ती म्हणजे शिदोरी, कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, एखादं गोड. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं. आईनं काशक्काला बुत्ती सांगितली आणि काशक्का भडकली.

"पोरगी एका कानानं भैरी झाली, आन् तुमी भाकऱ्या बांधताय व्हय?"

आईशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. चटणी कुटता कुटता झालं, आणि त्या भरात तिनं मीठ दोनदा टाकलं. हे तिला कळलं नाही, कारण ती चटणी कधीच चाखायची नाही. पहिला घास देवाचा, मग उष्टं कसं करायचं? हाताच्या अंदाजावर तिचा भरवसा होता. भांडून भांडून दमली तेव्हा म्हणाली, "पाठवनारच म्हणता न्हवं? मग मी बरोबर जानार. पाठराखीण म्हणून." सगळे हसले. लग्नाला वर्ष झालेल्या मुलीबरोबर पाठराखीण? पण तिनं पिशवी भरलीसुद्धा.

मंगळवेढ्याचे ते आठ दिवस काय वर्णावेत. सासूबाईंनी तिच्यासाठी दोनदा होळगी केली, म्हणजे पुरणपोळी. दीर तिला देवळात घेऊन गेला. नवरा रोज सकाळी तिच्या पाया पडायचा. पहिल्याच दिवशी तिची पाठ वळल्यावर त्यानं मला एकच वाक्य सांगितलं होतं, "ती आठ दिवसांनी जाईल. तू इथंच राहणार आहेस." एवढं बास होतं. मी, जी लहानपणापासून काशक्काशी रोज कशावरून तरी हुज्जत घालायची, तिची विभूती वाकडी लागली म्हणून, तिनं मला हाक उशिरा मारली म्हणून, चटणीत लसूण कमी म्हणून… ती मी आठ दिवस "व्हय अक्का", "बरं अक्का" करत फिरत होते. बुत्तीतली चटणी माझ्या माहेरची म्हणून रोज माझ्याच ताटात यायची. आणणारीनं आपली बुत्ती आपण खायची नसते, म्हणून काशक्कानं तिला बोट लावलं नाही. मला विचारायची, "चटणी कशी झालीय गं?" मी म्हणायची, "छान झालीय, अक्का." जीभ भाजत होती मिठानं. आठव्या दिवशी ती नवं लुगडं घेऊन, तृप्त होऊन निघाली. तिच्या लेखी घर म्हणजे बसप्पाकाका. जे घर पाहुणीला एवढं जपतं, ते सुनेला कसं मारेल? नवव्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्यानं दुकान उघडायला जाण्याआधी आठ दिवसांचं सगळं वसूल केलं.

इकडे सोलापुरात काशक्का खोलीत शिरली, तर भाकऱ्या थापायला येणारी शमीम तिची वाटच बघत होती. "अक्का, वो दिन की चटणी पूरी खारी हुई. गिऱ्हाइकां वापस लाए." काशक्का हसली. तिच्या हाताची चटणी खारट? तिनं चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकली. आणि मग, शमीम सांगते, तिचं हसू असं उतरलं की घरात कोणी गेलं की काय असं वाटावं. मीठ कमीजास्त झालं तर ताट सरकवून देणारी सुनंदा, म्हणजे मी, ही चटणी आठ दिवस खाते आणि छान म्हणते? दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता ती मंगळवेढ्याला माझ्या दारात उभी. सासूबाई गडबडल्या. "अगं बाई, काशक्का, परत कशा?" काशक्का थेट स्वयंपाकघरात आली, माझ्यासमोर उभी राहिली.

"चटणी कशी झालती?"

"छान झाली होती, अक्का."

"खोटं बोलू नको. मीठ दोनदा पडलंय. तू माज्याशी आठ दिवसात एकदाबी भांडली न्हाईस, सुनंदे."

माझा बांध फुटला. मी फक्त "मला ने" एवढंच म्हणू शकले. सासूबाई दारात आडव्या आल्या, काय झालं, कशाला नेता, तुमचे जावई दुकानातून येऊ देत. काशक्कानं आपले दोन्ही हात त्यांच्यापुढे पसरून दाखवले. "हे बघा. बुत्ती न्हाई आणली. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कोण येतं? न्यायला आलेली येते." आणि माझं मनगट धरून ती अशी चालायला लागली, की माझी एक चप्पल त्या अंगणात राहिली ती राहिलीच. स्टँडवर सोलापूरची गाडी सुटत होती आणि ही बाई तिच्यापुढे हात आडवा करून उभी राहिली. ड्रायव्हरनं तोंडाला येईल ते ऐकवलं, तिनं त्याच्या दुप्पट ऐकवलं, आणि आम्ही आत.

एसटीच्या मागच्या सीटवर मी तिला सगळं सांगितलं. कानाचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं. मग जे सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हता तिथे येऊन अडले. म्हणाले, "अक्का, तो मला… मी नको म्हणत असते आणि तो… पण नवराच आहे ना. त्याला काय म्हणायचं?" मला वाटलं, ती लाजेल, विषय बदलेल. आमच्या घरांत या गोष्टीला तोंड नसतं. काशक्का खिडकीबाहेर ज्वारीच्या रानाकडे बघत होती. तिथेच बघत म्हणाली, "तुला नको होतं न्हवं? मग ती जबरदस्ती. नवऱ्यानं केली म्हणून तिला दुसरं नाव मिळत न्हाई." कॉलेजच्या ऑफिसात मी पुढे कितीतरी कायद्याची पत्रकं टाइप केली, पण इतकं सरळ वाक्य मला कुठल्याच कागदावर सापडलेलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या आईसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मी चुकले. मी आठ दिवस होळगी खाल्ली आन् पोरीला आत ठेवून आले." त्यानंतर शेवटपर्यंत तिनं कुणाच्या सासरी गोडाचा घास तोंडात घातला नाही. माझं पुढे रीतसर झालं. तक्रार, कोर्ट, फारकत, मग कॉलेजातली नोकरी. पण काशक्काच्या डोक्यातून ती चटणी जाईना. तिच्याकडे मुली येत राहिल्या, आणि त्यांतल्या कितीतरी परत जायचं म्हणायच्या. कोणाचं मूल तिकडे राहिलेलं, कोणाला माहेरी थारा नाही, कोणाला अजून आशा. मी चिडायची, "अक्का, तू त्यांना जाऊ नका असं ठामपणे सांगत का नाहीस?" ती म्हणायची, "जायचं का न्हाई ते तिनं ठरवायचं. एकटी जायचं न्हाई, एवढं मी ठरवनार." आणि मग तिनं आपला नियम काढला. एसटीत बसतानाच मुलीला सांगायची, "रोज एकदा माज्याशी भांडायचं. कशावरूनबी भांड. माज्या घोरण्यावरून भांड. ज्या दिवशी तू भांडनार न्हाईस, त्या दिवशी मी तुजं सामान बांधनार."

काय डोकं होतं बघा! पाहुणीपुढे सगळं घर गोड वागणार, हे ती आता जाणून होती. मुलीला धाक घातलेला असणार, ती काही सांगणार नाही, हेही. पण धाकातल्या माणसाला काय करता येत नाही? मोकळेपणानं भांडता येत नाही. अकलूजला एका मोठ्या बंगल्यात ती गेली होती. उसाचे बागायतदार, शिकलेली माणसं, दिवाणखान्यात झुंबर. "आमच्याकडे असलं काही नसतं हो," असं सासरे हसून म्हणाले. पाच दिवस सून तिच्याशी मस्त भांडली, एकदा तर साडीच्या घडीवरून तासभर. सहाव्या दिवशी सकाळपासून गप्प. काशक्कानं दुपारी मुलीची बॅग भरून बाहेर आणली. सगळं घर जमलं. काय झालं, कोणी काही बोललं का? काशक्का म्हणाली, "पोरगी आज भांडली न्हाई." ही म्हातारी वेडी आहे अशी त्यांची खात्री झाली, आणि वेडीशी वाद कोण घालणार? त्या गोंधळात दोघी गेटबाहेर पडल्या. ती मुलगी पाचव्या दिवशी रात्री काय झालं ते गाडीत बसल्यावर बोलली. मी तिचे अर्ज भरून दिले, काशक्का तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे घेऊन गेली आणि तिथल्या बाकावर दिवसभर ठाण मांडून बसली.

तिची खोली ही या सगळ्याची खरी जागा. एकदा मी तिथे पीठ मळायला बसले होते. एक नवी बाई भाकरी थापता थापता मान खाली घालून म्हणाली, काल त्यानं मला चटका दिला. कोणी थांबलं नाही. कोणी "अगं बाई" केलं नाही. थापणं चालूच राहिलं, फक्त जरा हळू झालं, तिचा आवाज ऐकू यावा म्हणून. तिचं झाल्यावर दुसरी बोलली. मग तिसरी. शमीम म्हणाली, "हमारे में बी वैसाइच है अक्का, मेरी बहन का सुनेंगे तो…" आणि बहिणीचं सांगितलं. त्या दिवशी खोलीत सात जणी होतो. काशक्का सोडून प्रत्येकीकडे सांगायला काही ना काही होतं, स्वतःचं नाहीतर सख्ख्या बहिणीचं. मला तोवर वाटायचं, माझंच नशीब फुटकं. ते वाटणं त्या खोलीत संपलं. नंतर कळलं, ही काशक्काची पद्धतच होती. ती नव्या बाईला सांगून ठेवायची, इथं कोणी बोलायला लागलं की तिच्या तोंडाकडे बघायचं नाही आणि हात थांबवायचा नाही. तोंडाकडे बघितलं की बाई गप्प होते.

तर माढा. शमीमचा नवरा रफिकभाई आमची भाकऱ्यांची खोकी टेम्पोतून पोचवतो. तो आणि मी तासाभरात निघालो. शमीम मागे राहिली, गल्लीत सांगायला, सगळी तयारी करायला. बसप्पाकाका आधीच गेलेले, लेकरूबाळ नव्हतंच. गल्ली हेच तिचं घर. वाटेत रफिकभाई म्हणाला, "अक्का को लाना है, और वो बच्ची?" मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. मी कागद भरणारी बाई. दारात उभं राहून भांडणारी ती होती.

काशक्का सोप्यात भिंतीला टेकून बसलेली होती. आमच्यात माणूस गेलं की आडवं ठेवत नाहीत. अंग ताठायच्या आत मांडी घालून बसवतात, आणि पुरतातही तसंच बसवून. अंबिकेच्या सासरची माणसं आमच्यातलीच, त्यांनी सगळं नीट केलेलं. कपाळाला विभूती, गळ्यात हार. सासूचे डोळे रडून सुजलेले. "देवमाणूस हो. चार दिवस आमच्यात ऱ्हाऊन गेल्या, आमचं भाग्य." अंबिका खांबाजवळ उभी होती, तिच्या मागे हातभर अंतरावर नवरा. मी तिला विचारलं, "तू कशी आहेस?" ती म्हणाली, "बरी हाय मावशी. तुमी अक्काला घेऊन जावा." एवढंच. एकही शब्द वाकडा नाही. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग आठवण होऊन नजर खाली घेतली.

आणि खाली भाकरीचं खोकं होतं. काशक्कानं बुत्ती आणलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तिच्या पिशवीशेजारी, सुतळीनं आवळून बांधलेलं. मी उचलायला गेले आणि माझा हात जागीच अडला. खोकं जड होतं. बुत्ती चार दिवसांपूर्वीच घरात वाटून झालेली, मग आत काय? कडेची फट बोटानं उघडून बघितली. घडी घातलेल्या साड्या, आणि त्यांच्यावर प्लास्टिकच्या पिशवीत अंबिकेची बारावीची सर्टिफिकेटं. त्या दिवशी सकाळी अंबिका भांडली नव्हती. काशक्कानं तिचं सामान बांधलं होतं, जेवून निघायचं ठरवलं होतं, आणि जेवता जेवता गेली. बांधून झालं होतं. फक्त निघायचं राहिलं होतं.

पुढचं मी कसं केलं, मला विचारू नका. कुठून सुचलं, माहीत नाही. मी सासूला म्हणाले, "अक्काला टेम्पोत बसवून न्यायचंय. दोन्ही बाजूंनी धरायला दोन बायका लागतील. अंबिका येईल." सासू म्हणाली, "तिला कशाला, माजी जाऊ येते की." मी म्हणाले, "नाही. पाठराखीण जिच्यासाठी आली, तिनंच तिला माहेरच्या उंबऱ्यापर्यंत धरून न्यायचं असतं. नाहीतर त्या घराला दोष लागतो." असली कुठलीही रीत नाही. मी ती तिथल्या तिथे तयार केली. नवरा काहीतरी बोलणार तेवढ्यात शेजारचे एक पागोटेवाले म्हातारे मान हलवून म्हणाले, "व्हय, व्हय. जुनी रीत हाय ती. आमच्या आज्जीच्या वेळी तसंच केलतं." मला त्या म्हाताऱ्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मेलेल्या माणसाचा दोष अंगावर कोण घेणार? नवऱ्यानं काशक्काला उचलायला हात लावला, आणि मग, देवाशपथ, ते भाकरीचं खोकंही त्यानंच उचलून टेम्पोत ठेवलं.

मधे काशक्का, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अंबिका, मागे खोकं. तिचं डोकं सारखं अंबिकेच्या खांद्यावर कलत होतं. शेटफळ गेलं, मोहोळ गेलं, अंबिका एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही. मोहोळ मागे पडल्यावर तिनं एकदम काशक्काचा पदर नीट केला आणि बोलायला लागली, माझ्याशी नाही, तिच्याशी. "सकाळची गोळी का खाल्ली न्हाई तुमी? दोनदा सांगितलं मी. जेवल्यावर खाते म्हणे. मोठ्या आल्या शहाण्या. दुसऱ्याचं सामान बांधायला येतं, स्वतःची गोळी खाता येत न्हाई?" आवाज चढत गेला. रडत होती आणि भांडत होती. घोरण्यावरून भांडली, चटणीवरून भांडली, आज सकाळी मी गप्प होते तर मला ओरडला का नाहीत म्हणून भांडली. रफिकभाईनं टेम्पोचा वेग कमी केला. मला तेव्हा रडू फुटलं, फोन आल्यापासून पहिल्यांदा. आणि खोटं कशाला सांगू, त्या रडण्यात दुःखाच्या बरोबरीनं आनंद होता. पोरगी भांडत होती. सोलापूर येईपर्यंत ती काशक्काशी भांडत होती, आणि काशक्का तिच्या खांद्याला टेकून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तिला बसवून निरोप दिला. गल्लीतली झाडून सगळी माणसं होती, आणि गावोगावच्या इतक्या मुली आल्या की मला त्यांची नावंही माहीत नव्हती. अंबिका माहेरी गेली नाही. माझ्याकडे राहते, काशक्काच्या खोलीत भाकऱ्या थापायला जाते. तिच्या तक्रारीचे कागद मी भरले आहेत. पण कागदाला सही लागते आणि सहीला मन लागतं. ती रोज म्हणायची, उद्या करते. आणि मला रोज धाकधूक, की उद्या ही परत निघाली तर? काशक्का नाही. मी एक खोटी रीत एकदा खपवली, दुसऱ्यांदा कोण ऐकणार?

गेल्या आठवड्यात तिचे वडील खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आम्ही पाच जणी कामात होतो. ते माझ्याकडे बघून म्हणाले, माढ्याहून निरोप आलाय, जावई फार पस्तावलाय, पाया पडायला तयार आहे, पोरीला पाठवायचं म्हणतोय. मग जरा अडखळून म्हणाले, "तेवढी बुत्ती बांधून द्या, बाई." मी काही बोलायच्या आत अंबिका उठली. एक खोकं घेतलं. भाकऱ्या रचल्या, चटणीचा पुडा ठेवला, सुतळी बांधली. तिनं ते खोकं नेऊन वडिलांच्या पायाशी ठेवलं.

"घ्या अप्पा. तुमी घेऊन जावा. आठ दिवस त्या घरात ऱ्हावा. होळगी देतील, तुमच्या पाया पडतील. पन तेवढ्यावर परत येऊ नका. नवव्या दिवशीबी तितंच ऱ्हावा, आन् दार लावून घेतलं की आत काय हुतंय ते बघा. मग मला येऊन सांगा. मी जाते."

खांद्यावरची मापाची टेप वडिलांनी उगाच काढली, गुंडाळली, परत सोडली. मग उंबऱ्यावर बसले. इतक्या महिन्यांत, तीनदा आलेल्या मुलीला जे एकदाही विचारलं नव्हतं, ते त्यांनी तेव्हा विचारलं. "काय काय केलं गं त्यानं?"

अंबिका चुलीजवळ परत येऊन बसली. पिठाचा गोळा हातात घेतला आणि सांगायला लागली. तिच्या वडिलांनी मान वर केली, तशी शमीम हलकेच म्हणाली, "भाई, उसके मुँह की तरफ नक्को देखो." त्यांनी नजर खाली घेतली. आम्ही हात थांबवला नाही. फक्त जरा हळू थापत राहिलो, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून.